दामाजीपंतांची कथा गावासमोर सांगताना : एका शिक्षिकेच्या तीन शंकांना उत्तर

सांगोला तालुक्यातील एका शिक्षिका भगिनींनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. त्यांच्या गावात हरिनाम सप्ताहाच्या शेवटच्या दिवशी घरोघरची ज्वारी गोळा करून गावजेवण घालतात आणि जेवणाआधी दामाजीपंतांची कथा सांगतात. ही कथा सांगणारे बुवा वयोमानामुळे थांबले आणि यंदा ते काम या भगिनींकडे आले. गावातील तरुण मुलामुलींनी त्यांच्यापुढे तीन शंका मांडल्या आहेत. ही कथा खरी आहे का? धन्याला न विचारता सरकारी धान्य वाटणे हा अपराध नव्हता का? आणि देवाने महाराचे रूप घेतल्याचा प्रसंग आज सांगावा की गाळावा?

मी नारदीय पद्धतीने कीर्तन करतो. दामाजीपंतांचे आख्यान माझ्या उत्तररंगात, म्हणजे कीर्तनाच्या कथा सांगण्याच्या दुसऱ्या भागात, वारंवार येते आणि या तिन्ही शंका मला भीमाकाठच्या अनेक गावांत विचारल्या गेल्या आहेत. माझ्या मते तिन्ही शंकांचे मूळ एकच आहे. कथा सांगताना आपण चमत्काराकडे फार लवकर धावतो. श्रोत्याला पहिल्या पाच मिनिटांतच कळते की शेवटी विठोबा येऊन सगळे निस्तरणार आहे, आणि मग दामाजींनी कोठार उघडले त्या क्षणाचे वजनच उरत नाही. ज्याला आपण वाचणार हे ठाऊक आहे, त्याच्या धाडसाचे कौतुक कोण करील? म्हणून मी जे पुढे लिहितो आहे ते सगळे या एका गोष्टीभोवती फिरते : दामाजींना पुढचे काहीही माहीत नव्हते, आणि श्रोत्यांनाही कथा ऐकताना तसेच वाटले पाहिजे.

ज्यांनी ही कथा ऐकलेली नाही त्यांच्यासाठी ती आधी सांगतो. दामाजीपंत हे बेदरच्या (आजच्या कर्नाटकातील बीदरच्या) बहमनी सुलतानाच्या वतीने मंगळवेढ्याचा कारभार पाहणारे अधिकारी होते आणि सरकारी धान्याची कोठारे त्यांच्या ताब्यात होती. मोठा दुष्काळ पडला. पंढरपूरचा एक भुकेला ब्राह्मण मंगळवेढ्यास आला, दामाजींच्या घरी पानावर बसला आणि घरची उपाशी मुले आठवून रडू लागला. दामाजींनी त्याला धान्य दिले, परंतु ते घेऊन तो पंढरपुरास परतला तेव्हा उपाशी लोकांनी ते लुटून घेतले. धान्य कोठून आले हे कळताच माणसे मंगळवेढ्याकडे लोटली आणि दामाजींनी सरकारी कोठारे उघडली. त्यांच्या हाताखालच्या मुजुमदाराने, म्हणजे हिशोब पाहणाऱ्या अधिकाऱ्याने, बेदरला कळवले. दामाजींना धरून नेण्यासाठी शिपाई आले. बेदरच्या वाटेवर त्यांनी पंढरपुरास विठोबाचे दर्शन घेतले. ते पोहोचण्यापूर्वीच ‘विठू महार’ नावाचा एक माणूस बेदरच्या दरबारात गेला, त्याने धान्याची पूर्ण किंमत भरली आणि पावती घेतली. ती पावती दामाजींना आपल्या पोथीत सापडली. आपल्यासाठी देवाला एवढे श्रम पडले हे जाणून त्यांनी चाकरी सोडली आणि उरलेले आयुष्य विठ्ठलाच्या सेवेत घालवले.

आता खरेपणाविषयी. दामाजीपंतांची जी विस्तृत कथा आज कीर्तनकार सांगतात, तिचा मुख्य आधार ताहराबादच्या महिपतींनी १७६२ साली पूर्ण केलेला ‘भक्तविजय’ हा ग्रंथ आहे. इंग्रजी अमदानीतल्या जुन्या नोंदींत १४६० च्या सुमाराच्या दुष्काळाला ‘दामाजीपंतांचा दुष्काळ’ असेच नाव दिलेले आहे. म्हणजे दुष्काळ आणि महिपतींची लेखणी यांच्यामध्ये तीनशे वर्षे जातात, आणि तेवढ्या काळात लोकांच्या तोंडी कथेला जे रूप येते ते आपल्या हाती आले आहे. काही बुवा हा प्रसंग दुर्गादेवीच्या दुष्काळात घालतात. तो दुष्काळ १३९६ ते १४०७ असा सांगितला जातो. पण तेव्हा बहमनींची राजधानी गुलबर्ग्याला होती. ती बेदरला गेली पहिल्या अहमदशहाच्या कारकिर्दीत, म्हणजे १४२२ नंतर. कथेत दामाजींना बेदरला नेतात, त्यामुळे १४६० चा काळच अधिक जुळतो, आणि तरुणांनी विचारल्यास एवढे स्पष्टपणे सांगावे. त्या वेळी गादीवर हुमायूनशाह होता (१४५८ ते १४६१), आणि इतिहासात तो त्याच्या क्रौर्यासाठी ओळखला जातो. ही गोष्ट मी आख्यानात ठासून सांगत नाही, कारण लोककथेतील बादशहा आणि इतिहासातील सुलतान यांची गाठ फार घट्ट बांधली की दोन्हींवर अन्याय होतो. परंतु अशा राज्यात सरकारी धान्याला हात लावणे म्हणजे काय, हे श्रोत्यांनी समजून घ्यावे, एवढ्यापुरता त्या काळाचा उल्लेख जरूर करावा.

देव खरोखर बेदरला गेला का, या प्रश्नावर मी कीर्तनात वाद घालत नाही आणि आपणही घालू नये. ज्याची श्रद्धा आहे त्याला ती असू द्यावी, ज्याची नाही त्याला सांगावे की मंगळवेढ्याच्या परिसरातल्या माणसांनी पिढ्यान्‌पिढ्या ही कथा जपली, कारण धान्य कुलपात आणि माणसे दारात ही स्थिती त्यांनी स्वतः पुन्हा पुन्हा भोगली होती. हा पावसाच्या सावलीतला प्रदेश आहे. येथील काळ्या, खोल जमिनीत रब्बीची ज्वारी उत्तम येते, आणि मंगळवेढ्याच्या ज्वारीला आता भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. पण परतीचा पाऊस चुकला की तीच जमीन हातभर भेगाळते. भरल्या कोठारांचा आणि दुष्काळाचा असा शेजार जेथे आहे, तेथेच ही कथा रुजणार.

दुसरी शंका अपराधाची. मला ती सर्वांत मोलाची वाटते आणि ती टाळून कथा सांगणे हे मी श्रोत्यांची फसवणूक मानतो. होय, त्या काळच्या नियमाने तो अपराधच होता. धान्य दामाजींचे नव्हते. त्यांनी स्वतःच्या घरचे वाटले असते तर ते दान ठरले असते, पण त्यांनी विश्वासाने सोपवलेले, दुसऱ्याच्या मालकीचे धान्य दिले. हे कथेने कोठेही लपवलेले नाही. उलट कथेचा शेवट नीट पाहा : विठोबा बादशहाला घाबरवत नाही, दामाजींना गुप्तपणे सोडवून नेत नाही, कोठारे चमत्काराने पुन्हा भरत नाही. तो दरबारात जातो, किंमत मोजून देतो आणि पावती घेतो. म्हणजे धान्य सरकारचे होते आणि त्याचे देणे फिटलेच पाहिजे, हे या कथेतल्या देवालाही मान्य आहे. ज्या लोकांनी ही कथा घडवली ते हिशोबाच्या बाबतीत काटेकोर होते. दया केली म्हणून हिशोब माफ, असे त्यांनी म्हटले नाही. त्यांनी एवढेच म्हटले की भुकेल्या माणसाला हिशोब पुरा होईपर्यंत थांबवता येत नाही. आधी खाऊ घालावे, मग देणे फेडावे, आणि फेडण्याची जबाबदारी ज्याने कोठार उघडले त्याने स्वतःवर घ्यावी. बहुतेक रूपांत दामाजी मनाशी म्हणतात की माझा एकट्याचा जीव गेला तरी पुष्कळांचे प्राण वाचतील. आपला अपराध त्यांना पुरता कळत होता आणि शिक्षा त्यांनी आधीच पत्करली होती. तरुणांना हे असे सांगून पाहा. माझा अनुभव असा की या ठिकाणी ते वाद थांबवून ऐकू लागतात.

म्हणूनच कोठार उघडण्याच्या प्रसंगाला मी सर्वांत जास्त वेळ देतो. सोलापूरकडच्या श्रोत्यांना पेव माहीत असते, निदान आजोबांच्या तोंडून ऐकलेले असते. जमिनीत खोल खणलेले, अरुंद तोंडाचे, आतून कडबा लावून चिखलाने लिंपलेले ते धान्याचे तळघर. पेव उघडले की लगेच आत उतरत नसत, कारण कोंडलेल्या हवेने माणूस गुदमरून मरतो. तोंड मोकळे ठेवून हवा खेळू द्यावी लागे. दामाजींच्या कथेत मी हा वेळ वापरतो. तोंडावरची माती काढलेली आहे, आंबूस वास वर येतो आहे, भोवती माणसे उभी आहेत आणि कोणी बोलत नाही. अजूनही मागे फिरता येईल. मुजुमदार बाजूला उभा राहून पाहतो आहे. येथे मी टाळ-मृदंग थांबवतो आणि थोडा वेळ काहीच म्हणत नाही. हे वर्णन महिपतींचे नाही, ते माझे आहे, आणि आख्यानात अशी भर घालण्याची मोकळीक कीर्तनकाराला परंपरेनेच दिलेली आहे. मात्र कोणी विचारले तर मूळ कोठे संपते आणि भर कोठे सुरू होते, हे आपल्याला सांगता आले पाहिजे.

सभेत ज्येष्ठ मंडळी असतील तर याच ठिकाणी १९७२ च्या दुष्काळाची आठवण काढावी. खडी फोडण्याची कामे, सुकडी, परदेशातून आलेली तांबडी मिलो ज्वारी, हे शब्द उच्चारले की मागच्या रांगेतल्या आजीबाई स्वतःहून बोलू लागतात. त्यांना बोलू द्यावे. मुलांना पंधराव्या शतकातला दुष्काळ कळत नाही, पण आपल्याच आजीने मिलोची भाकरी खाल्ली हे कळते, आणि तेथून दामाजींकडे जाणे सोपे होते.

मुजुमदार आणि बादशहा या दोघांविषयी विशेष काळजी घ्यावी. मुजुमदाराला दुष्ट करून हशा मिळवण्याची सवय अनेकांना आहे. पण त्याने जे कळवले ते खरे होते आणि कळवणे हे त्याचे काम होते. त्याचा हेतू मत्सराचा होता असे कथा सांगते, ते सांगावे, पण त्याच्या कन्नड बोलण्याची नक्कल करू नये. आपल्या गावाच्या पलीकडे थोड्याच अंतरावर कर्नाटक आहे आणि श्रोत्यांत घरी कन्नड बोलणारी माणसे असतात. बादशहाला तर परधर्मी जुलमी म्हणून रंगवणे कथेच्याच विरुद्ध जाते. परंपरेत बादशहा त्या विठू महाराच्या रूपावर असा लुब्ध होतो की तो निघून गेल्यावर त्याला चैन पडत नाही. दामाजी पोहोचल्यावर तो त्यांना शिक्षा करायचे सोडून सामोरा जातो आणि तुझा तो माणूस मला पुन्हा दाखव, असे विनवतो. पंढरीनाथाचे प्रत्यक्ष दर्शन दामाजींच्या आधी बेदरच्या मुसलमान बादशहाला घडले, असे आपल्या पूर्वजांनी मोकळ्या मनाने सांगितले आहे. ते जसेच्या तसे सांगण्याचे धैर्य आपल्यात हवे.

येथवरचे थोडक्यात : काळाविषयी जेवढे ठाऊक आहे तेवढेच बोलावे, अपराध मान्य करावा, पावतीचा अर्थ उलगडून दाखवावा आणि कोठार उघडण्यापाशी थांबावे.

तिसरी शंका सर्वांत नाजूक आहे. विठू महाराचा प्रसंग गाळू नये, असे माझे ठाम मत आहे. पण तो पूर्वीसारखा सांगूनही चालणार नाही. जुन्या आख्यानांत देवाच्या घोंगडीचे, काठीचे, जोहाराचे (महारांच्या नमस्काराचे) वर्णन करून श्रोत्यांचे डोळे भरवतात आणि देवाने भक्तासाठी केवढा कमीपणा पत्करला, असे म्हणतात. हे वाक्य कोणाच्या कानांवर पडते याचा विचार करा. समोर बसलेल्या ज्या घरांतील आजे-पणजे हेच काम करत होते, त्यांच्या जन्मालाच आपण कमीपणा म्हणतो. मी ते वाक्य माझ्या आख्यानातून कायमचे काढले आहे.

त्याऐवजी मी ते काम काय होते ते सांगतो. गावचा वसूल सरकारी खजिन्यापर्यंत पोहोचवणे, निरोप नेणे, हद्दीचा वाद निघाला तर साक्ष देणे, रात्री गस्त घालणे ही महारांच्या वतनाची, म्हणजे वंशपरंपरेने त्यांच्याकडे आलेली, कामे होती. पैशाची थैली दूरवर सुखरूप नेण्याचा विश्वास गाव त्यांच्यावर टाकत असे. मंगळवेढ्याहून बेदर दोनशे किलोमीटरांपेक्षा अधिक दूर आहे. एवढी रक्कम घेऊन एकट्याने जाणारा, दरबारात न डगमगता उभा राहणारा आणि पावती घेतल्याशिवाय न हलणारा माणूस कोण असू शकेल, असे त्या काळच्या श्रोत्याने स्वतःला विचारले असते तर त्याचे उत्तर हेच आले असते. देवाने कमीपणाचे रूप घेतले नाही, या कामासाठी जो सर्वांत विश्वासू तो झाला, असे मी म्हणतो.

पण एवढ्यावर थांबलो तरी सत्य अर्धेच राहते. ज्या समाजाचे रूप देवाने घेतले त्याच समाजाला देवाच्या मंदिरात प्रवेश नव्हता. मंगळवेढ्यातच, दामाजींच्या शंभराहून अधिक वर्षे आधी, १३३८ साली गावकुसाचे काम करताना भिंत कोसळून संत चोखामेळा गेले. त्यांची समाधी पंढरपुरात महाद्वारासमोर आहे, आत नाही. विठ्ठल मंदिर सर्वांना खुले होण्यासाठी १९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजींना पंढरपुरात प्राणांतिक उपोषण करावे लागले. आणि ज्या वतनाच्या कामाचे मी वर गौरवाने वर्णन केले, ते प्रत्यक्षात वेठीसारखे झाले होते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात त्याविरुद्ध विधेयक मांडले आणि ही वतने कायद्याने संपायला १९५८ साल उजाडले. हे सांगायला आख्यानात पाच मिनिटे पुरतात. कोणी म्हणेल की कीर्तनात राजकारण कशाला. माझे उत्तर असे असते की दामाजींनी कुलूप उघडले ही कथा आपण सांगतो आहोत, तर दुसरे कोणते कुलूप किती शतके लागलेले होते हेही त्याच श्रोत्यांना सांगितले पाहिजे.

यात परिस्थितीप्रमाणे बदल करावा लागतो, हे मान्य करतो. गावात दोन समाजांत नुकताच तंटा झालेला असेल तर हा भाग सभेत प्रथमच मांडण्यापूर्वी त्या वस्तीतल्या जाणत्या माणसांशी बोलून घ्यावे. त्यांनी ‘महार’ हा उल्लेख कथेत नको म्हटले तर त्यांचे ऐकावे. आपली आख्यानाची शुद्धता त्यांच्या मानापेक्षा मोठी नाही. काही ठिकाणी मला उलट अनुभव आला, हा भाग आग्रहाने सांगा असे त्यांनीच सांगितले. ते आधी विचारल्याशिवाय कळत नाही.

आता गावजेवणाविषयी, कारण माझ्या दृष्टीने कथेची खरी कसोटी तेथे लागते. आपण लिहिले आहे की घरटी ठरावीक मापाने ज्वारी गोळा करतात. ही पद्धत समितीशी बोलून बदलता आली तर पाहा. ज्याच्या घरात दोन पोती आहेत आणि ज्याच्या घरात रेशनवर महिना निघतो, त्या दोघांकडून सारखेच माप घेणे हे दामाजींच्या नावाने होणाऱ्या पंगतीला शोभत नाही. काही गावांत मी असे पाहिले आहे की देवळात एक मोठी कणगी ठेवतात, तोंडावर कापड टाकतात, आणि ज्याला जेवढे जमेल तेवढे तो सकाळी येऊन ओततो. कोणी किती घातले हे कोणालाच दिसत नाही. अशा गावांत धान्य कमी पडल्याचे मी ऐकलेले नाही.

पंगत एकच असावी. ही अट मी कीर्तनाचे आमंत्रण स्वीकारतानाच घालतो, शेवटच्या दिवशी घातली तर ती मानहानीची वाटते. वाढणाऱ्यांमध्ये सर्व आळ्यांतील माणसे असावीत, आणि गावात ऊसतोडीला, वीटभट्टीला आलेली कुटुंबे असतील तर त्यांना निरोप जावा. माणसे आपल्या झोपडीतून स्वतःहून येत नाहीत, कोणीतरी जाऊन बोलवावे लागते. पंढरपूरची माणसेही मंगळवेढ्याला परकीच होती.

आणि हिशोब. किती धान्य आले, किती शिजले, किती उरले आणि उरलेले कोणाला दिले, हे जेवणानंतर सर्वांसमोर वाचून दाखवावे. काही सप्ताहांत हा नेम आहे, काहींत मोडला आहे. जेथे कथेच्या शेवटी देवही पावती घेतो, तेथे समितीला हिशोब वाचायला संकोच वाटण्याचे कारण नाही. उरलेले धान्य लिलावात काढून पैसे देवळाच्या रंगाला लावण्याऐवजी ते जून-जुलैमध्ये, जुनी ज्वारी संपत आलेली असते आणि खरिपाचे काहीच हाती आलेले नसते तेव्हा, गरजू घरांपर्यंत न बोलता पोहोचवावे, असे मी सुचवतो.

सांगण्याच्या वेळेविषयी आपण विचारले होते. अडीच तासांचे कीर्तन आणि जेवणाआधीची चाळीस मिनिटे यांत फरक आहे. आपल्याकडे चाळीसच असतील तर पंढरपूरच्या भेटीचे वर्णन आणि दरबाराची सजावट आटोपती घ्यावी, कारण तेथे बहुतेक सांगणारे विनाकारण रेंगाळतात. पंधरा मिनिटे तरी कोठारापाशी द्यावीत, दहा बेदरच्या दरबाराला, पाच वर सांगितलेल्या इतिहासाला, आणि उरलेल्या दहांत सुरुवात व शेवट बसतो. मुले पुढच्या रांगेत असतील तर त्यांना कथेच्या मध्येच एक प्रश्न विचारावा : तुम्ही मुजुमदार असता तर बेदरला कळवले असते का? उत्तरे दोन्ही बाजूंची येतात, आणि ‘कळवले असते’ म्हणणाऱ्या मुलाला गप्प करू नये. त्याला विचारावे की मग दारातल्या माणसांना काय सांगितले असतेस. पुढची कथा तो सर्वांत लक्ष देऊन ऐकतो.

पाठांतर करताना पावतीचा प्रसंग मात्र शब्दशः लिहून काढावा. पोथी उघडणे, कागद दिसणे, तो वाचणे आणि ही रक्कम आपण भरलेली नाही हे उमगणे, या चार गोष्टी घाईत एकमेकांत मिसळतात, आणि मग दामाजींनी चाकरी का सोडली हे श्रोत्यांना समजतच नाही. सुटका झाल्याच्या आनंदात त्यांनी ती सोडलेली नाही. त्यांच्या वाट्याचा भार दुसऱ्याने वाहिला होता, आणि ज्याने वाहिला त्याला ते साधा निरोपही देऊ शकले नव्हते. हे आपल्या आवाजात येण्यासाठी दोन-तीन वेळा घरच्यांसमोर म्हणून पाहावे. माझ्या गुरुजींनी मला हा भाग पेटी-तबल्याशिवाय, नुसत्या बोलण्यातून बसवायला लावला होता, आणि आपणही तसेच करावे, असे मी सुचवीन.